रानात जाऊन विचारणारे ग्रीक पंडित



नववीत शिकणाऱ्या एका मुलीने या सदराकडे प्रश्न पाठवला आहे. ती लिहिते, की आमच्या इतिहासात ग्रीक लोक सिकंदराबरोबर येतात आणि सिकंदराबरोबरच परत जातात. लढाया करण्याखेरीज त्यांनी दुसरे काही केले की नाही? एरवी आपण येथे बी-बियाणे, खते आणि रोग-किडी यांविषयी बोलतो. परंतु मुलीचा प्रश्न मला आवडला, आणि त्याचे उत्तर शेतीला सोडून नाही म्हणून अधिकच आवडला. तेव्हा या आठवड्यात जरा लांबच्या शिवारात जाऊ.

ग्रीकांची थोरवी सांगताना विद्वान मंडळी त्यांची संगमरवरी देवळे, पुतळे, सॉक्रेटिस आणि प्लेटो यांची नावे घेतात. ती घ्यावीतच. भूमितीत एक गोष्ट सिद्ध करून तिच्यावर दुसरी रचायची ही जी रीत आपली मुले शाळेत शिकतात, ती युक्लिडने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास ग्रंथात बांधून दिली. पण माझ्यासारख्या शेतकी खात्यातल्या माणसाला त्यांची एक साधी सवय सर्वांत मोठी वाटते. एखादी गोष्ट अशी का होते, असे ते विचारीत. आणि त्यांच्यातले चांगले लोक हे विचारायला राबणाऱ्या माणसाकडे जात.

आधी त्यांची जमीन कशी होती ते पाहू. ग्रीस म्हणजे डोंगर, खडक आणि समुद्र. सपाट काळी जमीन थोडी. अथेन्स शहराच्या भोवतालच्या मुलखात मातीचा थर पातळ, आणि पाऊस वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. माण-खटावच्या माणसाला ही जमीन लगेच ओळखीची वाटेल. तेथे जवस-करडई नव्हे, तर ऑलिव्ह म्हणजे जैतून हे तेलाचे झाड. द्राक्षाचे वेल, अंजीर, आणि धान्यांत गव्हापेक्षा सातू जास्त, कारण सातू कमी पाण्यावर तग धरतो. पेरणी पावसाच्या तोंडावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापणी मे महिन्यात. पीक जमिनीपेक्षा वर्ष देते, अशा अर्थाची एक म्हण त्यांच्यात होती. कोरडवाहू शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

या लोकांतला एक अगदी जुना कवी, हेसिअड, स्वतः शेतकरी होता. काळ इ. स. पूर्व ७०० च्या आसपासचा. बापाची जमीन दोघा भावांत वाटली गेली, भाऊ पर्सीसने पंचांना लाच देऊन जास्त वाटा लाटला, असे त्याचे म्हणणे. मग त्याने भावाला उद्देशून एक लांबलचक काव्य रचले. ‘कामे आणि दिवस’ असे त्याचे नाव. कोर्टकज्जे सोड आणि शेतात लाग, हा त्याचा गाभा. त्यात सल्ले आहेत ते असे, की घरात एक नांगर जादा तयार ठेवावा, म्हणजे ऐन वेळी मोडला तर काम अडणार नाही. नांगरावर चाळिशीचा गडी ठेवावा, कारण पोरसवदा गड्याचे लक्ष तासापेक्षा सोबत्यांकडे असते. मला तर वाचताना वाटले, हा आमच्याच तालुक्यातला कोणी म्हातारा बोलतो आहे.

या काव्यात हंगाम ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. क्रौंच पक्ष्यांचा आवाज आकाशातून आला की नांगरटीची वेळ झाली. गोगलगायी झाडावर चढू लागल्या की द्राक्षबागेतली खणणी थांबवावी. आणि मुख्य खूण एका तारकापुंजाची. तो पहाटे उगवू लागला की कापणीला लागा, पहाटे मावळू लागला की नांगर धरा, आणि उगवण्याआधीचे चाळीस दिवस तो दिसत नाही. हा तारकापुंज कोणता? आपल्या कृत्तिका. आपण रोहिणी, मृग मोजतो, त्यांच्या आधीचे जे नक्षत्र, तेच हजारो कोसांवरचा तो शेतकरी पाहत होता. कोणी कोणाकडून शिकले असे म्हणण्याचे कारण नाही. आकाश सर्वांना एकच, आणि पंचांग नसले तर शेतकऱ्याला वर बघावेच लागते.

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्नही त्यांच्यापुढे आला, आणि फार वाईट रीतीने आला. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास अथेन्सच्या मुलखातले लहान शेतकरी मोठ्या जमीनदारांच्या देण्यात बुडाले होते. देणे असलेल्या शेतात दगड रोवलेला असे. आपला सातबाऱ्यावरचा बोजा कागदावर असतो, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. तो दगड मात्र साऱ्या गावाला दिसे. कर्जाला तारण म्हणून माणूस स्वतःचे शरीर लिहून देई. फेडता आले नाही तर तो, त्याची बायको, मुले गुलाम म्हणून विकली जात, कधी परमुलखातसुद्धा. भांडण पेटायच्या बेतात आले, तेव्हा इ. स. पूर्व ५९४ मध्ये सोलोन नावाच्या माणसाला दोन्ही पक्षांनी अधिकार दिला. त्याने हे बोजे उतरवले, शेतातले दगड उपटले, विकली गेलेली माणसे जमतील तेवढी परत आणली, आणि पुढे कोणी माणसाच्या शरीरावर कर्ज द्यायचे नाही असा कायदा केला. या कामाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थच ‘ओझे झटकून टाकणे’ असा. गरिबांना वाटत होते की तो जमिनीही वाटून देईल. त्या त्याने वाटल्या नाहीत. त्यामुळे श्रीमंत रागावले आणि गरीबही रागावले. मधला मार्ग धरणाऱ्याचे असे होतेच.

सोलोनचे लहानसहान कायदे मला त्याहून मनोरंजक वाटतात. शेजाऱ्याच्या शेतापासून झाड पाच फुटांवर लावावे. पण अंजीर आणि ऑलिव्ह नऊ फुटांवर, कारण त्यांची मुळे लांब जातात. बांधावरच्या झाडावरून ज्यांची भांडणे तालुक्याच्या गावापर्यंत गेली आहेत, त्यांनी हे मनाशी नोंदवून ठेवावे. विहिरीचे तसेच. सार्वजनिक विहीर सुमारे पाऊण किलोमीटरच्या आत असेल तर तिचे पाणी वापरावे. त्याहून दूर असेल तर स्वतः विहीर खणावी. सुमारे साठ फूट खणूनही पाणी लागले नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीवरून रोज दोनदा, सुमारे वीस लिटरची एक घागर भरून न्यावी. गरजवंताची सोय व्हावी, पण आळशाला आयते मिळू नये, असा तो हिशेब. बोअरवेलच्या दिवसांत हा कायदा जसाच्या तसा चालणार नाही. पण जमिनीखालचे पाणी एकट्याचे नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी कायद्यात धरले होते.

थेलिस नावाच्या तत्त्वज्ञाची एक गोष्ट शाळेतल्या पुस्तकांत असते. तू एवढा शहाणा, मग गरीब का, असे लोकांनी हिणवले. तेव्हा त्याने ऑलिव्हचे पीक उदंड येणार हे हिवाळ्यातच ताडले, थोडा थोडा विसार देऊन सारे तेलघाणे आधीच भाड्याने घेतले, आणि हंगामात चढ्या भाड्याने दिले. गोष्ट चतुराईची म्हणून सांगतात. मला ती फारशी आवडत नाही. पीक उदंड आले त्या वर्षी शेतकऱ्याला घाण्याचे भाडे जास्त पडले, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती कोणी सांगत नाही.

त्यांची नाटकेही पुस्तकी नव्हती. इ. स. पूर्व ४३१ पासून अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध चालले होते. स्पार्टाचे सैन्य येऊन शेते जाळी, वेल तोडी, आणि खेड्यांतली माणसे शहराच्या तटाआड कोंडलेली. त्यात दुसऱ्याच वर्षी साथ येऊन माणसे पटापटा मेली. या युद्धात अरिस्टोफेनिस नावाच्या नाटककाराने इ. स. पूर्व ४२१ मध्ये ‘शांती’ नावाचे प्रहसन केले. त्याचा नायक द्राक्षबागाईतदार. तो एक भला मोठा शेणकिडा पाळतो, त्याच्यावर बसून स्वर्गात जातो आणि देवांनाच जाब विचारतो. तेथे कळते, की शांतीदेवीला खड्ड्यात पुरून वर दगड रचले आहेत. तिला बाहेर काढायला सगळे दोर ओढतात, पण जमत नाही. शेवटी बाकीच्यांना बाजूला करून नुसते शेतकरी ओढतात, तेव्हा ती वर येते. आपल्या वगात सोंगाड्या जसा राजालाच टोला हाणतो, तसलाच हा प्रकार. आणि हे नाटक युद्ध चालू असताना, सरकारी उत्सवात, साऱ्या शहरासमोर झाले, बक्षीसही दुसरे मिळाले. सत्तेची एवढी थट्टा खपवून घेणे सोपे नाही.

आता त्या ‘का’ विचारण्याच्या सवयीकडे येतो. आधी एक उदाहरण घरातले.

फेफरे, आकडी, मिरगी अशी नावे असलेला रोग ग्रीकांमध्येही होता, आणि ते त्याला ‘पवित्र रोग’ म्हणत. देव अंगात शिरला किंवा कोपला म्हणून तो होतो अशी समजूत. मांत्रिक येत, आंघोळ बंद करीत, अमुक मांस खायचे नाही, काळे कपडे घालायचे नाहीत, बकऱ्याच्या कातड्यावर झोपायचे नाही, असे नियम सांगत. इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास एका वैद्याने यावर ग्रंथ लिहिला. तो हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत आहे. त्याने साफ लिहिले, की हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही. त्याला कारण आहे आणि ते मेंदूत आहे. लोकांना कारण कळले नाही म्हणून त्यांनी देवाचे नाव पुढे केले. पुरावा काय दिला? हा रोग शेळ्यांनाही होतो. अशा शेळीचे डोके कापून बघा, आत मेंदू पाण्याने भरलेला आणि दुर्गंध येणारा दिसेल. शेळीला तर कोणता देव छळत नाही! कफ साचल्याने रोग होतो हे त्याचे पुढचे म्हणणे चुकीचे ठरले. पण वाट बरोबर होती.

आपल्याकडे आजही आकडी आलेल्या पोराच्या नाकाला कांदा नाही तर चप्पल लावतात, मग अंगारा, मग देवऋषी. त्यात महिने जातात, वर्षे जातात. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून घरात झाकून ठेवतात ते वेगळेच. आकडी आली तर माणसाला कुशीवर वळवावे, आजूबाजूची टणक वस्तू दूर करावी, तोंडात चमचा किंवा बोट काही घालू नये, आणि डॉक्टरला दाखवावे. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखान्यात न्यावे. पुष्कळांची आकडी नियमित गोळ्यांनी आटोक्यात राहते. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

ॲरिस्टॉटल हा त्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक, सिकंदराचा शिक्षक. तो कोळ्यांकडे जाऊन माशांविषयी विचारी, मधमाश्या पाळणाऱ्यांकडून माहिती घेई. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसे तयार होते त्याची रोजच्या रोज बदलत जाणारी स्थिती त्याच्या ग्रंथात लिहिलेली आहे. तीन दिवस आणि तीन रात्री गेल्यावर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, आणि तो उडत असतो, तेच हृदय. खुडूक बसवलेल्या कोंबडीखालची अंडी दिव्यासमोर धरून बघणाऱ्या आपल्या आयाबायांना यातले पुष्कळ ठाऊक असते. फरक एवढाच, की त्याने ते लिहून ठेवले. आणि हाच ॲरिस्टॉटल दुसऱ्या जागी लिहितो, की माणूस, मेंढरे, शेळ्या आणि डुकरे यांच्यात नराला मादीपेक्षा दात जास्त असतात! धनगराच्या पोरानेही सांगितले असते की तसे नाही. जेथे त्याने पाहिले तेथे तो बरोबर निघाला, जेथे नुसते मानले तेथे फसला.

पण माझ्या धंद्याचा खरा पूर्वज म्हणजे त्याचा शिष्य आणि मित्र थिओफ्रास्टस. लेस्बॉस बेटावरच्या एरेसॉस गावचा. जन्म इ. स. पूर्व ३७१ च्या सुमारास. बाप लोकरीचे कापड धुऊन, तुडवून घट्ट करण्याचा धंदा करणारा. ॲरिस्टॉटलने अथेन्स सोडल्यावर त्याची शाळा यानेच पस्तीस वर्षे चालवली. वनस्पतींवर त्याचे दोन मोठे ग्रंथ टिकले आहेत. एकात झाडांचे वर्णन, दुसऱ्यात कारणे. सुमारे पाचशे वनस्पतींची माहिती त्यांत आहे. वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात तो हाच.

त्याचे ग्रंथ वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पानोपानी तो लिहितो, की अमुक डोंगरातले लोक असे म्हणतात, मॅसिडोनियाचे लाकूडतोडे तसे म्हणतात, अर्केडियाचे लोक वेगळेच सांगतात. दोन ठिकाणच्या लोकांचे पटत नसेल तर दोन्ही म्हणणी मांडतो. खतांचा क्रम सांगताना हा क्रम अमक्याने सांगितला म्हणून त्या माणसाचे नाव देतो. त्या क्रमात माणसाचे सोनखत पहिले, मग डुकराचे, मग शेळीचे, मग मेंढीचे, आणि बैलाचे पाचवे. शेतात मेंढरे बसवायला धनगराला धान्य देणारे आपले लोक या यादीवर एक-दोन हरकती घेतील, पण यादी निरर्थक म्हणणार नाहीत.

हिरवळीच्या खताची नोंद त्याच्याकडे आहे. मॅसिडोनिया आणि थेसलीचे शेतकरी घेवड्यासारखे एक शेंगवर्गीय पीक फुलोऱ्यात असतानाच नांगरून गाडतात, कारण ते जमिनीला खत देते, असे तो लिहितो. ताग आणि धैंचा फुलोऱ्यात गाडा, म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो, ते हेच. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र कसा धरतात, हे शास्त्रज्ञांना १८८० च्या दशकात समजले. थेसलीच्या शेतकऱ्यांना गाठींचे कारण माहीत नव्हते, पण परिणाम माहीत होता, आणि थिओफ्रास्टसने तो त्यांच्या नावावर जमा केला.

खजुराचेही असेच. नर झाड फुलले की त्याचा फुलोरा कापून मादी झाडाच्या फळांवर झटकतात, त्याची भुकटी पडली की फळ धरते, नाहीतर गळून जाते. हे त्याने व्यवस्थित लिहिले आहे. वनस्पतींत नर-मादी असतात हे प्रयोगाने सिद्ध झाले ते १६९४ साली, जर्मनीत. पपईच्या बागेत नर झाडे सगळी उपटून टाकू नका, दहाला एक ठेवा, हे ज्या जातींत लागू आहे तेथे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. तरी ‘फळ देत नाही ते झाड कशाला’ म्हणून एखादा उपटतोच.

अंजिराच्या बागेत ग्रीक शेतकरी रानअंजिराची फळे आणून टांगत. त्यांतून बारीक किडे निघून बागेतल्या फळांत शिरत, तेव्हा ती फळे टिकत. आपण उंबर फोडला की आतून चिलटासारखे किडे उडतात, त्यांचेच हे भाऊबंद. थिओफ्रास्टसने हा सगळा व्यवहार नोंदवला. (आपल्या पुरंदरच्या अंजिराला याची गरज नसते, उगाच कोणी उंबर नेऊन टांगू नयेत.)

या ग्रंथातला एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. औषधी मुळ्या खणून विकणारे लोक ग्रीसमध्ये होते. जडीबुटीवाले म्हणा. थिओफ्रास्टसने त्यांच्याकडून झाडांची माहिती घेतली, आणि त्याबरोबर त्यांच्या चालीरीतीही लिहून घेतल्या. मग त्या नीट पाखडल्या. ते म्हणत, की अमुक मूळ कापताना अंगाला तेल लावा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा, नाहीतर अंग सुजेल. थिओफ्रास्टस म्हणतो, यात तथ्य असेल; काही वनस्पतींचा गुण जहाल असतो आणि तो आगीसारखा झोंबतो. ते म्हणत, की अमुक विषारी मूळ फार वेळ खणत बसू नका, डोके जड होते. हेही त्याला पटते. पण तेच लोक सांगत, की एक विशिष्ट झाड रात्रीच खणावे, कारण दिवसा सुतार पक्ष्याने पाहिले तर खणणाऱ्याचे डोळे जातील. आणि दुसऱ्या एका झाडाभोवती तलवारीने तीन वर्तुळे काढून पश्चिमेकडे तोंड करून कापावे, एकाने भोवती नाचावे. हे मात्र, तो म्हणतो, धंद्याचे महत्त्व वाढवण्यासाठी जोडलेले दिसते.

यात त्याने जडीबुटीवाल्यांना अडाणी म्हणून हाकलले नाही, आणि जुने म्हणून सगळे डोक्यावरही घेतले नाही. तूर वेगळी काढली आणि टरफल वेगळे. झाड तोडताना देवाची प्रार्थना करावी, या चालीलाही त्याने नावे ठेवली नाहीत. आमच्या शेतकी शाळांत हे शिकवले जाते का, असे मला कोणी विचारले तर मी गप्प बसेन. आम्ही शिकून आलो ते ‘शेतकऱ्याला सांगायचे’ एवढेच. ‘शेतकऱ्याला विचारायचे’ हा धडा पुष्कळांनी नोकरीत, उशिरा गिरवला.

वाऱ्याचे तर जसेच्या तसे. फवारणी करताना वारा पाठीवर असावा, हे वाक्य प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाच्या डोक्याएवढी उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, तोंडाला फडके नाही, आणि मिसळून मारलेली जहाल औषधे. मुळे खणणारा तो ग्रीक मजूर अंगाला तेल लावून, वाऱ्याची दिशा बघून, मग कुदळ घाली.

कपाशीचे नाव निघाले म्हणून सांगतो. सिकंदर इ. स. पूर्व ३२६ मध्ये पंजाबात आला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या लोकांनी येथील झाडेझुडपे पाहिली आणि ती माहिती थिओफ्रास्टसपर्यंत पोहोचली. त्याने लिहिले, की हिंदुस्थानात ज्या झाडांपासून कपडे करतात त्यांचे पान तुतीसारखे असते, मैदानात ती ओळींनी लावतात आणि लांबून द्राक्षबाग असल्यासारखी दिसतात. कपाशीची लावणी ओळीने, त्या काळी! भाताविषयी लिहिले, की बराच काळ ते पाण्यात उभे असते आणि त्याला कणीस न येता तुरा येतो. वडाच्या पारंब्या फांद्यांतून निघून जमिनीत रुजतात, हेही त्याने नोंदवले. तो स्वतः इकडे कधी आला नाही. जो पाहून आला त्याला नीट प्रश्न विचारले, एवढेच.

पुढे ग्रीक माणसे आपल्या मुलखातही राहून गेली. पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ कार्ल्याचे लेणे आहे. तेथे एकवीरा आईच्या दर्शनाला जाल तेव्हा चैत्याचे खांब जरूर पाहा. त्यांतले काही ‘यवन’ म्हणवणाऱ्यांनी दान दिल्याचे खांबांवर कोरलेले आहे. ग्रीकांना आपले लोक यवन म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांतही एका यवनाचे लेणे आहे. आणि दिवसातून दहा वेळा तोंडी येणारा ‘केंद्र’ हा शब्द मुळात त्यांच्या भूमितीतून, ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात आलेला. आरोग्य उपकेंद्र, खरेदी केंद्र, कृषी विज्ञान केंद्र असे आपण सहज म्हणतो. ‘दाम’ हा शब्दही त्यांच्या नाण्याच्या नावावरून आला आहे.

मुलीने प्रश्न विचारला म्हणून एक गोष्ट लपवून चालणार नाही. अथेन्समध्ये सभेत उठून बोलायचा आणि मत द्यायचा हक्क शेतकऱ्याला होता, चांभाराला होता. पण बायकांना नव्हता. आणि घरोघरी, शेतोशेती, चांदीच्या खाणींत गुलाम राबत होते. विचार करायला ज्यांना सवड मिळाली ती पुष्कळदा या माणसांच्या घामावर. ग्रीकांचे पोवाडे गाणाऱ्यांनी हे गाळू नये.

थिओफ्रास्टसच्या घरीही गुलाम होते. तो इ. स. पूर्व २८७ च्या सुमारास म्हातारा होऊन वारला. त्याचे मृत्युपत्र एका जुन्या चरित्रग्रंथात उतरवून ठेवल्यामुळे आज वाचता येते. शाळेची बाग त्याने मित्रांना सामाईक दिली. तिची कोणी वाटणी करायची नाही, कोणी ती आपल्या नावावर करून घ्यायची नाही, एकत्र बसून अभ्यास करायचा. आपल्याला बागेतच कोठेही पुरावे, क्रियाकर्मावर आणि थडग्यावर जास्त खर्च करू नये. मग गुलामांची नावे येतात. काहींना त्याने तात्काळ मोकळे केले. बागेत काम करणारे दोघे होते, मानेस आणि कालियास. त्यांनी आणखी चार वर्षे बागेत सर्वांबरोबर नीट काम करावे आणि मग मोकळे व्हावे, असे त्याने लिहिले आहे.